चिपिंग कॅम्डनचे फोटो आणि चिपिंग कॅम्डनचे धंदे

उन्हाळा आला की आपल्या मराठी ग्रुपांवर इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड टेकड्यांचे फोटो सुरू होतात, लंडनहून एक दिवसाची टूर काढलेली असते, मधाच्या रंगाची दगडी घरं, खिडक्यांखाली फुलं, आणि त्यात चिपिंग कॅम्डन ह्या गावाची ती लांब वळत जाणारी हाय स्ट्रीट, म्हणजे मुख्य रस्ता, हमखास असते. आणि फोटोखाली दरवर्षी तेच भांडण. एक पार्टी म्हणते, बघा, ह्याला म्हणतात वारसा जपणं, सहाशे वर्षांची घरं तशीच्या तशी, आणि आपण वाडे पाडून टॉवर बांधतोय. दुसरी पार्टी लगेच उसळते, जपणार नाहीत तर काय, आपल्याला लुटूनच तर बांधलंय सगळं. मग दोन दिवस टोलेबाजी, शेवटी कोणीतरी ग्रुप सोडतं. मला दोन्ही बाजूंचा राग येत नाही, दोन्हींमागे काहीतरी खरं दुखणं आहे, पण दोघांनीही त्या गावाकडे बघितलेलंच नाही असं वाटतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: कॅम्डनची घरं टिकली ती मुख्यतः गावाचा धंदा बसला म्हणून, आणि आज तिथे जे जपलंय ते भिंती आणि छपरं. धंदा जपणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, ती तिथेही फार थोड्या ठिकाणी जमली, आणि आपल्याला काही शिकायचं असेल तर ते त्या थोड्या जागांकडून शिकायला हवं, हाय स्ट्रीटकडून नाही.

आधी लुटीचा मुद्दा घेऊ, कारण तो जास्त जोरात मांडला जातो. कॅम्डनला बाजाराचा हक्क मिळाला बाराव्या शतकात. त्या काळी हा सरळ जमीनमालकाचा धंदा होता, राजाकडून आठवडी बाजाराची परवानगी घ्यायची, एक रुंद रस्ता आखायचा, दोन्ही बाजूंना अरुंद पण मागे लांबच लांब जाणारे प्लॉट पाडायचे आणि कारागीर-दुकानदारांना भाड्याने द्यायचे, शेतसाऱ्यापेक्षा ह्यात जास्त पैसा. आज फोटोत जी वळणदार हाय स्ट्रीट दिसते तिचा आराखडा तोच. नंतर आली लोकर. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लांब धाग्याची लोकर फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमचा भाग) आणि इटलीचे विणकर चढ्या भावाने घ्यायचे, आणि कॅम्डन ही ती गोळा करून पुढे पाठवायची पेठ होती. विल्यम ग्रेव्हेल हा इथला बडा व्यापारी, त्याचं घर हाय स्ट्रीटवर अजून उभं आहे, चौदाव्या शतकाच्या शेवटाचं, दोन मजली उंच दगडी खिडकीचं. तो १४०१ मध्ये वारला आणि सेंट जेम्स चर्चमध्ये त्याच्या थडग्यावरच्या पितळी पत्र्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की हा सगळ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांमधलं फूल होता. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० मध्ये. म्हणजे ग्रेव्हेलला जाऊन दोनशे वर्षं होत आली होती. त्या घराचा एक दगडसुद्धा आपल्या पैशाने बसवलेला नाही, बसूच शकत नव्हता.

पण ह्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा बाजूला सारून पुढे जाणं बरोबर नाही. त्याच टेकड्यांमध्ये, गाडीने थोड्याच अंतरावर, सेझिनकोट नावाचा बंगला आहे ज्याच्यावर तांब्याचा हिरवा पडलेला कांद्यासारखा घुमट आहे, मुघल पद्धतीचा. कंपनीच्या नोकरीत गबर झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या आर्किटेक्ट भावाने १८०५ च्या सुमारास तो बांधला. आणि त्याच आर्किटेक्टने त्याआधी डेल्सफर्डचा बंगला बांधला होता वॉरन हेस्टिंग्जसाठी, तोच हेस्टिंग्ज, ज्याच्या गव्हर्नर जनरलपदाच्या काळात पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ चा सालबाईचा तह झाला. भारतातून परत आल्यावर त्याने आपल्या घराण्याची हातची गेलेली इस्टेट १७८८ मध्ये विकत घेतली, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्यावर महाभियोग सुरू झाला. तेव्हा कॉट्सवोल्डमध्ये आपल्याकडचा पैसा आहे का? आहे, निःसंशय आहे, आणि तो कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येतं. म्हणूनच तर सरसकट "सगळं लुटीचं" म्हणणं मला पटत नाही. जिथे खरोखर हिशोब मागायचा तिथला हिशोब त्याने पातळ होतो. सेझिनकोटचा पैसा आणि ग्रेव्हेलचा पैसा एकाच पोत्यात भरला की समोरचा माणूस ग्रेव्हेलची तारीख दाखवतो आणि सेझिनकोटसकट सगळ्यातून सुटतो.

आता जपणुकीचा मुद्दा, आणि इथे जरा थांबायला पाहिजे. कॅम्डन श्रीमंत झालं कच्च्या लोकरीवर, आणि नेमकं तिथेच ते मार खाऊन गेलं. इंग्लंडच्या राजांनी युद्धांच्या खर्चासाठी कच्च्या लोकरीच्या निर्यातीवर जबर कर बसवला, १३६३ पासून निर्यातीचा मुख्य नाका फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेला ठेवला, तयार कापडावरचा कर मात्र त्या मानाने किरकोळ होता. परिणाम उघड होता, देशातल्या विणकराला तीच लोकर परदेशी विणकरापेक्षा स्वस्त पडायला लागली आणि हळूहळू इंग्लंड लोकर विकणारा देश न राहता कापड विकणारा देश झाला. देशाचा फायदाच झाला. पण कापड घट्ट करायला, म्हणजे ते पाण्यात कुटून आटवायला, चक्की लागते, आणि चक्कीला वाहतं जोरदार पाणी. ते पाणी होतं कॉट्सवोल्डमधल्याच स्ट्राउड गावाच्या दऱ्यांमध्ये, पुढे लाल लष्करी कापडासाठी ती दरी प्रसिद्ध झाली. विंडरश नदीवर विटनी होतं, तिथे ब्लँकेटं झाली. कॅम्डन पडलं टेकडीच्या कडेला, ओढे लहान. धंद्याने पत्ता बदलला आणि कॅम्डनला तो बदलता आला नाही, ते बाजाराचं गाव म्हणून राहिलं, आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं लोणी-चीज-कोंबड्या विकत, बस इतकंच. १६२७ मध्ये सर बॅप्टिस्ट हिक्सने हाय स्ट्रीटच्या मधोमध जो मार्केट हॉल बांधला तो ह्याच विक्रेत्यांना पावसापासून आडोसा म्हणून, खर्च नव्वद पौंड. हिक्स स्वतः लंडनमध्ये दरबाराला रेशीम विकून आणि राजाला कर्ज देऊन मोठा झालेला. त्याने १६१२ मध्ये म्हाताऱ्यांसाठी बारा घरांची जी धर्मशाळा बांधली तिच्यात आजही वृद्ध लोक राहतात, आणि त्या गावात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्या बारा घरांबद्दल.

मग दोन-अडीचशे वर्षं गावाच्या धंद्यात फारसं मोठं काही घडलं नाही. रेल्वे आली १८५३ मध्ये, पण स्टेशन गावापासून मैलभर लांब. १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आणि ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर बोटींनी यायला लागली आणि इंग्लंडची शेती बसली, मजूर गाव सोडून गेले, घरं रिकामी. आता विचार करा, ज्या गावात पैसा खेळतो तिथे लोक काय करतात? जुनं पाडतात, मोठं बांधतात, दुकानाला मोठ्या काचा लावतात, मागे गिरणी काढतात. स्ट्राउडमध्ये हेच झालं. कॅम्डनमध्ये पाडायलाच कोणाकडे पैसे नव्हते! हे एकट्या कॅम्डनचं नाही. बेल्जियमचं ब्रूज घ्या, समुद्राकडे जाणारी खाडी गाळाने भरली, व्यापार अँटवर्पला गेला, आणि कित्येक पिढ्या गरिबीत काढलेलं ते शहर आज लोक "जसंच्या तसं मध्ययुगीन" म्हणून बघायला जातात. सफोकमधलं लॅव्हनम १५२० च्या दशकात इंग्लंडच्या सगळ्यात श्रीमंत गावांमध्ये होतं, निळ्या कापडावर, मग कापडाचा धंदा गेला आणि ती वाकडी लाकडी घरं तशीच उभी राहिली कारण नवी बांधायची ऐपतच उरली नव्हती. आपण ज्याला संस्कृतीची जाण म्हणून शाबासकी देतोय त्यातला निदान अर्धा भाग चार-पाच पिढ्यांची बेकारी आहे. त्या गावातल्या १८८० च्या एखाद्या शेतमजुराला विचारलं असतं, बाबा रे हे सुंदर जुनं घर ठेवायचं की पगार देणारी गिरणी हवी, तर त्याने काय सांगितलं असतं?

अर्धा भाग म्हणालो कारण उरलेला अर्धा खरोखर मेहनतीचा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. विसाव्या शतकात मोटारी आल्या, पेट्रोल पंप, जाहिरातींचे फलक, लंडन-बर्मिंगहॅमचा पैसा, आणि तेव्हा गाव बदलायची खरी भीती होती. एफ. एल. ग्रिग्ज नावाचा चित्रकार, धातूच्या पत्र्यावर कोरून छाप काढणारा, ह्या गावात येऊन राहिला आणि त्याने अक्षरशः पदरमोड करून लढा दिला. १९२६ मध्ये डोव्हर्स हिल ही गावावरची टेकडी विक्रीला निघाली तेव्हा त्याने ती घेऊन ठेवली, पुढे ती नॅशनल ट्रस्ट ह्या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली. १९२९ मध्ये कॅम्डन ट्रस्ट निघाला, पडायला आलेली घरं विकत घेऊन दुरुस्त करायची आणि वापरात आणायची. १९४० च्या दशकात मार्केट हॉल उचलून अमेरिकेला नेण्याची चर्चा होती, गावाने पैसे जमवले आणि तो नॅशनल ट्रस्टच्या हाती दिला. तेव्हा "हे सगळं आपोआप झालं" असं मी म्हणत नाही. आणि एक गोष्ट अजून, ह्या दुरुस्त्यांमुळे दगड घडवणारे, दगडी कौलं बसवणारे, कोरडी दगडी कुंपणं रचणारे गवंडी ह्यांना काम मिळत राहिलं, आजही मिळतं. जपणुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा मुद्दा कधी मांडलेला मी ऐकला नाही, पण त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा हाच आहे.

तरीही प्रश्न राहतोच की वाचलं काय? दर्शनी भाग वाचला. त्या दर्शनी भागामागे जे राहत होते ते? सुंदर गावाला भाव येतो, लांबच्या शहरातला पैसेवाला रिटायर होऊन येतो किंवा सुट्टीपुरतं घर घेतो, आणि गावात वाढलेल्या पोराला, जो इलेक्ट्रिशियन आहे किंवा हॉस्पिटलात नर्स आहे, त्याला तिथे घर परवडत नाही, कॉट्सवोल्डच्या गावागावातली ही तक्रार आहे आणि खोटी नाही. १९४७ पासून ब्रिटनच्या नगररचना कायद्याने जुन्या इमारतींची यादी करून त्यांना संरक्षण दिलं, मार्केट हॉल त्यातल्या वरच्या दर्जात आहे. अशा इमारतीच्या खिडकीची चौकट बदलायलाही आज परवानगी लागते. पण त्या खिडकीच्या आत पूर्वी चांभार बसायचा आणि आता सुगंधी मेणबत्त्या विकतात ह्याबद्दल त्या यादीला काही म्हणायचं नसतं. दगडाला जे कवच आहे ते कामाला नाही.

आणि इथेच मला १९०२ ची गोष्ट सांगायची आहे कारण ह्या गावात कामच जपायचा एक प्रयत्न झाला होता, मोठा आणि मनापासून केलेला. सी. आर. ॲशबी नावाच्या आर्किटेक्टने १८८८ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट नावाची कारागिरांची संस्था काढली, गरीब वस्तीतल्या तरुणांना घेऊन चांदीकाम, दागिने, मीनाकारी, फर्निचर, लोहारकाम, पुढे छपाई आणि बुकबाइंडिंगसुद्धा. नुसती कार्यशाळा नव्हती ती, कामगारांना नफ्यात वाटा आणि निर्णयात मत. लंडनच्या जागेचा करार संपत आला तेव्हा कुठे जायचं ह्यावर कारागिरांनी मतदान केलं आणि १९०२ मध्ये सगळे, बायका-मुलं धरून दीडशेच्या आसपास माणसं, बिऱ्हाडं उचलून कॅम्डनला आली. शीप स्ट्रीटवर एक जुनी रेशमाची गिरणी रिकामी पडली होती, ती त्यांनी घेतली. ह्या भागात रेशमाचा धंदा कॉव्हेंट्रीच्या रिबनवाल्यांसाठी चालायचा आणि १८६० च्या फ्रान्सबरोबरच्या व्यापार करारात आयात रेशमावरची जकात उठली तसा तो कोसळला, शेजारच्या ब्लॉकलीत तर ह्यावर अख्खं गाव पोसलं जात होतं. तर त्या रिकाम्या सिल्क मिलमध्ये खाली छपाई, वर चांदी, त्याच्या वर लाकूडकाम असं सुरू झालं. ॲशबीने गावात शाळा काढली, कोरीवकामापासून स्वयंपाकापर्यंत वर्ग, पोहायचा तलाव बांधला, नाटकं, व्याख्यानं. लंडनच्या पोरांना आधी गावकऱ्यांनी परकं मानलं, मग फुटबॉल आणि बँडमधून ओळखी झाल्या.

सहा वर्षांत ही गिल्डची कंपनी गुंडाळावी लागली. हा भाग हातमागवाल्या, हस्तकलावाल्या प्रत्येक माणसाने समजून घ्यावा असा आहे. कारणं तीन सांगता येतात. एक, लंडनच्या लिबर्टी ह्या मोठ्या दुकानाने तशाच दिसणाऱ्या चांदीच्या वस्तू बर्मिंगहॅममध्ये यंत्राची मदत घेऊन बनवून घेतल्या आणि स्वस्तात विकल्या, गिऱ्हाइकाला फरक कळत नव्हता किंवा कळूनही परवडत होतं. दोन, हौसेखातर दागिने करणाऱ्या सुखवस्तू बायका, ज्यांना त्यावर पोट भरायचं नव्हतं त्यामुळे किंमत काहीही लावली तरी चालायची. आणि तिसरं माझ्या मते सगळ्यात मोठं: लंडनमध्ये मंदी आली की कारागीर चार महिने दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन काम करून यायचा, कॅम्डनमध्ये दुसरा कारखानाच नव्हता. मग माणसांना बसवून कसं ठेवायचं, म्हणून माल बनत राहिला आणि गोदामात साचत राहिला. निसर्गरम्य जागा निवडली आणि बाजार मागे सोडला.

हे वाचून आपले व्यवहारी मित्र म्हणतील, झालं तर मग, हस्तकला बाजारात टिकत नाही हे सिद्ध झालं, मरणारा धंदा मरू द्यावा, उगीच भावनेने सलाइन लावू नये. ह्यात तथ्य आहे. लोकर गेली, रेशीम गेलं, त्यावर रडून उपयोग नव्हता आणि सरकारने कॅम्डनच्या लोकर व्यापाऱ्यांना अनुदान देऊन जगवलं असतं तर स्ट्राउडचं कापड उभं राहिलं नसतं. पण ॲशबीची कंपनी बुडाली तेव्हा माणसं बुडाली नाहीत हे ते बघत नाहीत. बरेच जण लंडनला परतले, काही राहिले. जॉर्ज हार्ट राहिला, चांदीकाम करत. ॲलेक मिलर राहिला, लाकूड आणि दगड कोरत. सुतारकामाचा फोरमन जिम पायमेंटने बांधकामाचा धंदा काढला. सामुदायिक कंपनी म्हणून जे चाललं नाही ते एकेकट्या छोट्या वर्कशॉपांनी, कमी खर्चात, गवंडी-सुतारकामाच्या आसपासच्या मागणीवर चालवलं. आणि हे चालू शकलं कारण सिल्क मिल नावाची ती इमारत कामासाठीच राहिली.

तिथे जाऊन बघितलंय मी. हाय स्ट्रीटवरून शीप स्ट्रीटला वळलं की गर्दी मागे राहते, जिना चढून वर गेलं की हार्टांचं वर्कशॉप, जॉर्ज हार्टच्याच घराण्यातली माणसं अजून चांदी ठोकतायत. लांबट खोली, खिडक्यांखाली बाकं, बाकांवर शिकंजे, हातोड्या इतक्या की मोजता येत नाहीत, प्रत्येकीचं तोंड वेगळ्या आकाराला घासलेलं, आणि डोक्यावर छताला आकड्यांना अडकवलेले जुन्या बिलांचे आणि ऑर्डरींचे गठ्ठे, पिवळे पडलेले, धुळीने जाड झालेले, एकावर एक टोचत गेलेले. कोणी सजावट म्हणून ते लटकवलेले नाहीत, कारकुनी तशीच होत आली आणि काढून टाकायला कोणाला वेळ झाला नाही. एक माणूस वाटीसारख्या चांदीच्या तुकड्यावर हातोडी मारत होता, तुकडा फिरवायचा, ठोका, फिरवायचा, ठोका, आम्ही चार-पाच जण उभे होतो तरी त्याची लय बदलली नाही. ह्याच इमारतीत १९५५ मध्ये रॉबर्ट वेल्च नावाचा विशीतला चांदीकार आला, कारण स्वस्तात जागा मिळत होती, आणि त्याने चांदीच्या जोडीने स्टेनलेस स्टीलची भांडी-चमचे डिझाइन करायला सुरुवात केली. ती भांडी बनायची बर्मिंगहॅमजवळ ब्लॉक्सविचच्या ओल्ड हॉल कारखान्यात. म्हणजे ॲशबी ज्या यंत्राशी स्पर्धा करून हरला त्याच यंत्रासाठी ह्या माणसाने त्याच इमारतीत बसून काम केलं. आधी रेशीम, मग चांदी, सुतारकाम, स्टेनलेस स्टील. कुठल्याही एका धंद्याला जपलं नाही, जागेला मात्र घर किंवा हॉटेल होऊ दिलं नाही.

इथे एक नातं आपल्याशी जोडलेलं आहे आणि ते आपल्या भांडणात कधीच येत नाही. ॲशबीच्या मंडळींना कारागीर गावाचं जे स्वप्न पडत होतं त्याचा एक धागा आपल्याकडे येतो. जॉर्ज बर्डवुड, जन्म बेळगावचा, १८३२, मुंबईत डॉक्टर, आजच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या उभारणीतला माणूस, त्याने १८८० मध्ये भारतीय कारागिरीबद्दल लिहिताना आपल्या गावातल्या वंशपरंपरागत कुंभार-सोनार-विणकराचं फार गोड चित्र काढलं. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी १९०७ च्या सुमारास कॅम्डनला लागून असलेल्या ब्रॉड कॅम्डनमध्ये राहायला आले, ॲशबीनेच दुरुस्त केलेल्या एका जुन्या चॅपलमध्ये, गिल्डचा छापखाना त्यांनी घेतला आणि श्रीलंकेच्या कलेवरचं मोठं पुस्तक तिथे छापलं. १९०९ मध्ये भारतीय कारागिरावर त्यांनी जे लिहिलं त्याला प्रस्तावना ॲशबीची, आणि बर्डवुडचं ते गोड चित्र त्यातही आलं. कुमारस्वामींबद्दल मला आदर आहे, भारतीय कलेकडे बघायला त्यांनी जगाला शिकवलं. पण कुंभाराचा मुलगा कुंभारच होतो ह्यात त्यांना परंपरेचं सौंदर्य दिसलं, जोतीराव फुल्यांना त्याच व्यवस्थेत काय दिसलं होतं ते आपल्याला माहीत आहे. बलुतेदारीत कारागिराला ना धंदा निवडायची मुभा होती ना भाव ठरवायची. ॲशबीच्या गिल्डमधली पोरं स्वतःच्या मर्जीने आलेली, मत देणारी, नको तर सोडून जाणारी. मग "आपणही आपले पारंपरिक व्यवसाय असेच जपायला हवे होते" असं जेव्हा कोणी उसासा टाकून लिहितं तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कोणाच्या मुलांनी जपायचे होते? लिहिणाऱ्याच्या की दुसऱ्याच्या?

शेवटचा आणि जरा अवघड आक्षेप असा की टूरिझम हाही धंदाच ना. कॅम्डनमधले पब, चहाची दुकानं, बी अँड बी, बाथपर्यंत १०२ मैल जाणारी कॉट्सवोल्ड वे ही पायवाट इथूनच सुरू होते, तिचे चालणारे, ह्या सगळ्यावर माणसं पोट भरतायत आणि आपण फोटो काढायला गेलो म्हणूनच भरतायत. खरं आहे, आणि मी त्याला हलकं लेखत नाही. पण ह्या गावाने एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहायचा अनुभव आधी घेतलेला आहे, फ्लँडर्स-इटलीचा विणकर हेच ते गिऱ्हाईक होतं, आणि राजाने कर फिरवल्यावर काय झालं ते वर सांगितलं. शिवाय आजच्या कॅम्डनमधला एक मोठा धंदा आपल्या कुठल्याही फोटोत नाही. १९१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने इथे फळं-भाज्या टिकवायच्या, बाटल्यांत-डब्यांत भरायच्या पद्धती शिकवायला एक प्रयोगाचा कारखाना काढला, शेजारी ईव्हशॅमच्या खोऱ्यात फळबागा आहेत म्हणून. तो वाढत वाढत आज कॅम्डन बीआरआय झालाय, खाद्यपदार्थांच्या सुरक्षिततेवर आणि प्रक्रियेवर संशोधन करणारी मोठी संस्था, जगभरच्या अन्न कंपन्या तिच्या सदस्य, शेकडो लोक नोकरीला. स्टेशन रोडला साध्या, कोणाला फोटो काढावासा वाटणार नाही अशा इमारती आहेत त्या. लोकर गेल्यावर गावात आलेला हा मोठा रोजगार दगडी कमानींतून नाही, स्टेशन रोडवरच्या त्या शेडमधून आला, आणि तो आला कारण १९१९ मध्ये तिथे कारखाना काढू दिला गेला.

म्हणून जेव्हा पुण्यातल्या तांबट आळीबद्दल कोणी हळहळतं की किती सुंदर होती, इंग्लंडमध्ये असती तर जपली असती, तेव्हा मला ते पटत नाही. तिथे तांबं अजून ठोकलं जातंय. इंग्लंडमधल्या पद्धतीने "जपली" तर दर्शनी लाकूडकाम पॉलिश होईल, पाटी लागेल, दोन कॅफे येतील आणि ज्याच्या हातात हातोडी आहे त्याला भाडं परवडणार नाही म्हणून तो जाईल. त्याला पाटी नको आहे. त्याला गाळ्याचा दहा-पंधरा वर्षांचा करार हवाय, आवाजाची तक्रार करणाऱ्या नव्या शेजाऱ्यापासून संरक्षण हवंय, त्याच्या मुलीला इंजिनिअर व्हायचं असेल तर तिला होता आलं पाहिजे आणि दुसऱ्या कोणाच्या मुलाला तांबं शिकायचं असेल तर त्याला ते बाक मिळालं पाहिजे. महापालिकेच्या वारसा यादीत इमारतीच्या नावापुढे आत कोणतं काम चालतं आणि ती जागा कामासाठीच राहील का, असे दोन रकाने वाढवायला काही इंग्लंडला जावं लागत नाही.